गोव्यात छोटी खानावळ उघडताय? परवान्यांचा क्रम असा लावा

दर पंधरा-वीस दिवसांनी कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून आमच्या खानावळीत येतं आणि चहा येईपर्यंत ती पिशवी टेबलावर उपडी करतं. अन्नसुरक्षेची नोंदणी झालेली असते, कधी जीएसटी क्रमांकही मिळालेला असतो. बोर्ड रंगवून तयार. नसतो तो पंचायतीचा परवाना, कारण जागेचाच कागद अडलेला. तोवर तीन महिन्यांचं भाडं पाण्यात गेलेलं असतं.

मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. जे घरबसल्या मोबाइलवर होतं ते लोक आधी उरकतात आणि जिथे चार खेपा घालाव्या लागतात ते मागे ढकलतात. प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याचा कागद मागतं हे खरंच, पण त्या सगळ्या मागण्या शेवटी एकाच प्रश्नावर येऊन टेकतात: ही जागा कोणाची, आणि तिथे धंदा करायची मुभा आहे का? म्हणून सुरुवात तिथूनच.

हा क्रम दोन ते सहा माणसांच्या खानावळीसाठी किंवा चहा-भाजीपावच्या हॉटेलासाठी आहे. दारू विकायची असेल तर अबकारी खात्याचा परवाना वेगळा, त्यात मी शिरत नाही.

## १. जागेचा माग काढा, ॲडव्हान्स देण्याआधी

मालकाला सांगा, भाडं ठरवू, पण आधी कागद बघू. चार गोष्टी मागायच्या:

- एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद. शहरी भागात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, ज्यावर पी. टी. शीट आणि चलता क्रमांक असतो.
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती.
- शेवटचं वीजबिल.
- बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला.

कागद हातात आले की फाइलला लावून मोकळे होऊ नका, वाचा. एक-चौदावर कब्जेदार म्हणून अकरा नावं असतात आणि त्यातली निम्मी माणसं हयात नसतात, हे गोव्यात रोजचं आहे. तुमच्याशी बोलणारा ‘मालक’ त्या अकरांपैकी एकाचा नातू निघतो. इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) झालेली नसेल किंवा वारसाहक्काचं डीड नसेल, तर त्याची एकट्याची सही उद्या चुलत भाऊ मोडीत काढू शकतो. पंचायतीत तक्रारीचा एक अर्ज टाकला की पुरतं.

दुसरं, सही एकट्या नवऱ्याची किंवा एकट्या बायकोची घेऊ नका. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक होते. संमतिपत्रावर दोघांची सही असली की पुढचा वादच मिटतो.

घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर राहायचा हक्क असलेल्याचं) असेल, जमीन कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची) असेल, तर थांबा. तिथे राहायचा हक्क असणं आणि तिथला भाग हॉटेलासाठी भाड्याने देता येणं यात फरक आहे. आधी वकिलाला कागद दाखवा. त्याची फी तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा कमीच असेल.

मग ऑक्युपन्सीवर काय लिहिलंय ते बघा: दुकान की निवासी? निवासी घराची पुढची खोली फोडून शटर बसवलेलं असतं, लाकडी फळीवर बरण्याही मांडलेल्या असतात, पण कागदावर ती अजून कोणाची तरी बैठकीची खोली असते. वापर बदलून घेणं हे मालकाचं काम आहे. ‘तुम्ही सुरू करा, ते मी बघून घेईन’ असं तो म्हणाला तर तेवढंच वाक्य करारात मुदतीसकट लिहून मागा. खरा असेल तर देईल.

किनारी गावांत आणखी एक प्रश्न. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणारे, नियम लागतात. भरतीचं पाणी चढतं अशा नद्या आणि खाड्यांच्या काठालाही ते लागतात, हे मात्र लोक विसरतात. पुढे शेड टाकायचा बेत असेल तर तो आत्ताच तपासा.

सावधान: घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. आणि बाजारात बसणाऱ्यांसाठी: सोपोची पावती म्हणजे परवाना नव्हे. सोपो ही बसण्याची फी आहे. कप्पाभर सोपोच्या पावत्या जपून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत, तपासणीच्या दिवशी त्यांचा उपयोग शून्य झाला.

तपासा: घर क्रमांक घेऊन पंचायतीच्या सचिवांना भेटा आणि दोनच गोष्टी विचारा. या घराची घरपट्टी थकली आहे का? या बांधकामावर तक्रार किंवा नोटीस आहे का? दहा मिनिटांचं काम आहे, आणि नव्वद टक्के माणसं तेच करत नाहीत.

## २. नाव आणि पत्ता सगळीकडे एकच करा

इथे माझीच गोष्ट सांगते. माझ्या भाडेकरारावर घर क्रमांक ‘४१२/१’ होता, घरपट्टीवर ‘४१२/१-अ’. मालकाने एक खोली वाढवली तेव्हा तो ‘अ’ चिकटला होता आणि करार टाइप करणाऱ्याने जुन्या कराराची नक्कल मारली होती. मी वाचलंही नाही. तीन खात्यांत तो पत्ता तसाच गेला. चौथ्या कचेरीत एका बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले, ‘अ’वर पेन टेकवलं आणि फाइल परत केली. पुढे ‘फाल्यां येयात’ (उद्या या) ऐकत सात आठवडे गेले, कारण चूक चारही ठिकाणी दुरुस्त करावी लागली. त्यांची चूक काढता येत नाही. आळस माझा होता.

नावांचं तर विचारू नका. नाईक हे एकच आडनाव आधार कार्डावर रोमन लिपीत ‘आय-के’ने संपतं आणि पोर्तुगीज काळातल्या कागदावर ‘क्यू-यू-ई’ने. गावकर, कामत, शेट, सगळ्यांची हीच कथा. देवनागरीत आपल्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

म्हणून एका कोऱ्या कागदावर हे लिहून काढा: पॅनवर आहे तसं अक्षरनअक्षर रोमन नाव, घर क्रमांक (अ, ब, स्लॅशसकट), वाडा, गाव, तालुका, पिनकोड, सर्व्हे क्रमांक, धंद्याचं नाव, मोबाइल, ईमेल. इथून पुढे प्रत्येक अर्ज या कागदावरून उतरवायचा, आठवणीने भरायचा नाही. माझा कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

तुमच्या आधार आणि पॅनमध्ये तफावत असेल तर मुळातच दुरुस्त करा. मालकाच्या जुन्या कागदातली तफावत मात्र ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ अशा प्रतिज्ञापत्राने बहुधा निभते. ते नोटरीकडून मालकाने करून द्यायचं असतं.

सावधान: मोबाइल आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे आणि नोटिसाही त्याच्याकडे. एजंटाने फोन बदलला की तुम्ही स्वतःच्याच दुकानाबाहेर.

## ३. करार आणि संमतिपत्र

एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे सगळे ११ महिन्यांचा करार करतात. चालतं, फक्त करार संपायची तारीख लक्षात ठेवा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी जागेचा चालू पुरावाच हाताशी नसतो.

करारात वापर मोघम लिहू नका. ‘व्यवसायासाठी’ म्हणजे काहीही. ‘खाद्यपदार्थ तयार करून विकण्यासाठी’ असं लिहा. धूर बाहेर काढायचा पाइप, सांडपाण्याची टाकी, बोर्ड आणि व्यावसायिक वीजजोडणी यांना मालकाची संमती त्यातच घ्या. नंतर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं पत्र आणायला गेलात तर मालकाचा सूर बदललेला असतो, आणि भाडंही.

सर्व्हे क्रमांक, घर क्रमांक आणि चतुःसीमा कराराच्या पहिल्या पानावर हव्यात. सही करण्याआधी टप्पा २ मधला कागद शेजारी ठेवून बोटाने जुळवा.

## ४. पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना

आता अर्ज. गावात पंचायत, शहरात नगरपालिका, पणजीत महापालिका. नमुना गोवा ऑनलाइन पोर्टलवर आहे का ते बघा. ऑनलाइन भरलात तरी एकदा कचेरीत जाऊन कोणते कागद लागतात ती यादी हाताने लिहून घ्या, कारण प्रत्येक पंचायत आपलं एखादं शेपूट जोडते. शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र हे त्यातलं नेहमीचं शेपूट.

पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत अर्ज येतो, ठराव होतो, मग परवाना. म्हणून तारीख महत्त्वाची. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी अर्ज टाकलात तर दोन आठवडे फुकट. सचिवांना पुढची बैठक कधी ते विचारा आणि चार दिवस आधी अर्ज पोहोचवा. एखादा कागद कमी पडला तर तेवढ्यात आणता येतो.

अर्ज मराठीत करायला संकोच नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मी जोडपत्र नेहमी मराठीत लिहिते, फक्त नाव-पत्ता रोमनमध्येही देते, तो वरच्या कागदावरून.

तपासा: अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला कागदावर काही किंमत नाही.

सावधान: परवाना हातात यायच्या आधी उद्घाटनाची तारीख छापू नका. चतुर्थीचा मुहूर्त गाठायचा म्हणून श्रावणात अर्ज टाकणारे दरवर्षी भेटतात.

## ५. वीज, गॅस, सांडपाणी, आग

परवान्याचा अर्ज बैठकीत असेल त्या काळात ही कामं करा.

वीज. घरगुती मीटरवर हॉटेल चालवणं ही सगळ्यात महाग पडणारी बचत. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वीज खात्यात व्यावसायिक जोडणीचा अर्ज करा. डीप फ्रीझर, मिक्सर, एक्झॉस्ट यांचा भार आधीच मोजून लिहा. मासळी ठेवणाऱ्याने फ्रीझरचा भार विसरू नये.

गॅस. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर खानावळीत चालत नाही. १९ किलोचे व्यावसायिक घ्या. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोचे पाच झाले ९५ किलो. सहावा आणलात की मर्यादा ओलांडली. रिकामा वाटणारा सिलिंडर पूर्ण रिकामा नसतो, त्यामुळे पाचावर थांबण्याऐवजी तीन-चारवर थांबा.

सांडपाणी. बेसिनच्या पाण्याला तेल पकडणारी टाकी बसवा आणि ती पाणी उघड्या गटारात सोडण्याआधी नव्हे, बांधकाम चालू असतानाच बसवा. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. साळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तुमची खानावळ कोणत्या श्रेणीत बसते ते विचारून घ्या. व्हाइट, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या, श्रेणीत संमती लागत नाही, फक्त कळवावं लागतं. इतर श्रेणींत आधी स्थापनेची संमती, मग चालवण्याची. हा क्रम उलटा करता येत नाही.

आग. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडेच्या नाइटक्लबात लागलेल्या आगीत २५ जण गेले. आपली जागा त्यापुढे खोलीएवढी असते, म्हणून आपण निर्धास्त. पण मागचं दार उघडून बघा. कांद्याचं पोतं, सोड्याच्या क्रेट, मोडका टेबलफॅन. आधी ते हलवा. मग आग विझवण्याची नळकांडी, तिच्यावरची रिफिलची तारीख, आणि ती चुलीच्या डोक्यावर न टांगता दाराजवळ टांगलेली. अग्निशमन दलाचा दाखला तुमच्या जागेला लागतो का, हे जवळच्या केंद्रावर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

## ६. अन्नसुरक्षा

हा अर्ज फॉसकॉस या केंद्राच्या अन्नसुरक्षा पोर्टलवर होतो. छोट्यांना नोंदणी, मोठ्यांना परवाना, आणि सीमा वर्षाच्या उलाढालीवर ठरते. क्रमांक १४ आकडी असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे, तेव्हा बिलबुकं त्याआधी छापून घेऊ नका.

छोटी नोंदणी लवकर येते आणि तिथेच लोक फसतात. ती तुम्ही अन्नाचा धंदा करता एवढंच सांगते. जागा कायदेशीर असल्याचं ती सांगत नाही. म्हणून तिचा नंबर सहावा.

अर्जापेक्षा तयारीवर वेळ घाला:

- पाणी विहिरीचं असेल तर तपासणी अहवाल लागेलच. नमुना पावसाच्या पहिल्या सरींनंतर लगेच घेऊ नका, विहीर तेव्हा गढूळ असते. आधी साफ करून घ्या.
- स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या प्रत्येकाचा वैद्यकीय दाखला. तो दरवर्षी नवा लागतो. भांडी घासणारी मावशी यादीतून नेहमी सुटते.
- कच्ची मासळी आणि शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये वेगळं. कच्चं खाली, शिजलेलं वर. उलट ठेवलंत तर बांगड्याचं पाणी सोलकढीत.
- तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवून काळं होईपर्यंत वापरणं बंद. त्यातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल खराब होताना तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायला मनाई आहे.

तपासा: ‘व्यवसायाचा प्रकार’ निवडताना जे करता तेवढंच आणि ते सगळं टाका. खानावळ टाकलीत आणि बाजूला लोणच्याच्या बाटल्या पॅक करून विकायला लागलात, तर तो वेगळा प्रकार झाला. त्याला लेबलाचे नियम लागतात. वजनावर काही विकत असाल तर वजनमाप खात्याचा शिक्का वेगळा, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर १२ महिन्यांनी.

## ७. कामगार खातं, जीएसटी, उद्यम

शॉप ॲक्टची, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची, नोंदणी कामगार खात्याकडे. माणसं ठेवणार असाल तर हजेरी आणि पगाराची वही पहिल्या दिवसापासून लिहा. सुट्टीचा वार ठरवून भिंतीवर लावा. एवढ्याने बरंच निभतं.

जीएसटीबद्दल मात्र गैरसमज फार. खानावळ ही सेवा धरली जाते, त्यामुळे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. ४० लाखांची सीमा माल विकणाऱ्यांची, ती तुमची नव्हे. वर्षात ३०० दिवस उघडं ठेवलं तर रोजचा गल्ला सरासरी ६,६६७ रुपये म्हणजे २० लाख. रात्री गल्ला मोजताना हा आकडा डोक्यात ठेवा. उलाढाल पॅनवर मोजतात, दोन दुकानं असतील तर दोन्हींची मिळून.

सीमेच्या खाली असताना हौसेने नोंदणी करू नका. क्रमांक घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि उशिराला दिवसागणिक विलंब शुल्क चढतं.

नोंदणी करावीच लागली तर दोन वाटा. साध्या वाटेत ५ टक्के कर गिऱ्हाइकाकडून घेता येतो, पण खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. कंपोझिशन या छोट्यांसाठीच्या योजनेतही दर ५ टक्केच, विवरणं कमी, पण तो कर बिलात लावता येत नाही, तुमच्या खिशातून जातो. ६० रुपयांच्या थाळीत ३ रुपये. ज्यांना हिशेब ठेवायला माणूस नाही त्यांना मी तरीही कंपोझिशनच सुचवते. फक्त दारू देत असाल तर कंपोझिशन मिळत नाही. सुरुवातीला म्हटलं होतं की अबकारीत शिरत नाही, पण हे सांगणं भाग होतं.

जीएसटीच्या अर्जावर खात्याने शंका काढली तर उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात. ती ईमेलवर येते. टप्पा २ मधली सूचना आठवा. गोव्याचा क्रमांक ३० ने सुरू होतो, छापण्याआधी तेवढं बघून घ्या.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सगळ्यात शेवटी, आणि ती पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी दिसतात, पण नसतात.

## ८. अर्ज अडला तर

पहिली दोन-तीन वेळा तोंडी विचारा, गोड बोलून. त्यानंतर लेखी. ‘आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवावे’ एवढंच. आरोप नको, इतिहास नको. लेखी त्रुटी हातात आली की ती एकाच खेपेत पूर्ण करता येते. नाहीतर दर खेपेला नवा कागद निघतो.

गोव्यात २०१३ पासून मुदतीत सेवा देण्याचा कायदा आहे. तुमची सेवा त्याच्या यादीत असेल तर अर्जात त्या कायद्याचा उल्लेख करा. तरीही उत्तर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्यात ‘परवाना का देत नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘माझ्या अर्जावर आजवर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली आहे ते त्या टिपणीत तारखेसकट दिसतं.

पंचायतीने ठरावाने नकार दिला तर ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या. अपिलाची मुदत दिवसांत मोजतात, आणि प्रतीशिवाय अपील लिहिता येत नाही.

## ९. भिंत आणि वही

परवाने फ्रेममध्ये भिंतीवर, मूळ प्रती घरी. पावसाळ्यात खानावळीच्या भिंतीला ओल येते, माझ्या पहिल्या परवान्यावरची शाई जुलैत पसरली होती. दर कागदाचा मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक परवाना: क्रमांक, संपायची तारीख, फी, कोणाकडे भरली, पावती क्रमांक. या सगळ्या तारखा दिनदर्शिकेवर लाल पेनने, पण संपायच्या दिवसावर नव्हे, त्याच्या दीड महिना आधी. करार, वैद्यकीय दाखले, काट्याचा शिक्का, नळकांडीची रिफिल, हे चारही त्यात घाला. मार्चमध्ये कचेऱ्यांत रांगा असतात, ज्यांची मुदत ३१ मार्चला संपते त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जावं, शक्यतो सकाळी. दुपारी जेवणाची गर्दी आपल्याकडेही असतेच.